आधी त्या दोघांना

टीव्हीवरची निवेदिका बोलता बोलता अडखळली, तेव्हाच भीमरावांना कळलं की काहीतरी बिनसलंय. क्षणापूर्वी टाळ्यांनी दणाणणारी खोली एकदम गप्प झाली. पडद्यावर धुराची सरळ रेघ वाकडी झाली होती आणि तिच्या टोकापासून एक ठिपका सुटून बाजूला फेकला गेला होता. त्या ठिपक्यात तिघे अंतराळवीर होते. त्यांचा प्रमुख होता कमांडर प्रज्ञेश ओव्हाळ, भीमरावांचा मुलगा.

"रॉकेटमधल्या बिघाडामुळे यान आपोआप वेगळं झालं आहे," निवेदिका सांगू लागली. "आता ते पॅराशूटच्या साहाय्यानं बंगालच्या उपसागरात उतरेल."

खराडीतल्या त्या फ्लॅटमध्ये, म्हणजे भीमरावांच्या लेकीच्या, दीपालीच्या घरी, निम्मी सोसायटी जमली होती. बहुतेक सगळी आयटीतली तरुण मंडळी, ऑफिसला काहीतरी थाप मारून आलेली. शेजारचा संतोष मांडीवरचा लॅपटॉप मिटत म्हणाला, "काका, घाबरू नका. सिस्टिम तशीच डिझाइन केलेली असते."

"मी घाबरलोय असं कोण म्हणालं?" भीमराव म्हणाले. पण शेजारी बसलेल्या बायकोचा, चंद्रभागाबाईंचा, हात त्यांनी किती घट्ट धरला होता, हे त्या दोघांनाच ठाऊक होतं.

प्रज्ञेशनं हिंजवडीतली नोकरी सोडली, तेव्हा सगळ्या नात्यागोत्यानं त्याला वेड्यात काढलं होतं. घरापासून कंपनीची बस, पुढच्या वर्षी अमेरिका. ते सोडून हा नौदलात गेला आणि चालत्या जहाजावर विमान उतरवायला शिकला. पुढे नवी विमानं पारखणारा वैमानिक झाला. एकदा गोव्याजवळ इंजिन पेटलं आणि त्याला विमान सोडून समुद्रात उडी घ्यावी लागली. दवाखान्यात भीमराव त्याला म्हणाले होते, "पडलास तेवढं पुरे झालं आता." त्यावर पाय प्लॅस्टरमध्ये असलेला हा म्हणतो, "पडलो नाही आबा, उतरलो." पाय बरा झाला आणि तो पुन्हा विमानात बसला. अंतराळवीरांच्या निवडीत शेकडो वैमानिकांमधून तो कसा निवडला गेला, हे लोक भीमरावांना विचारत. ते म्हणत, "त्याला घरी बसवत नाही, एवढंच मला माहीत आहे."

नौदलाच्या हेलिकॉप्टरमधून आता चित्र येऊ लागलं. समुद्र खवळलेला होता. यान एका अंगावर कललं होतं आणि त्यात पाणी शिरत होतं. शेजारी एक केशरी रबरी तराफा हेलकावत होता. त्यात तिघे होते, पण एक जण हलत नव्हता.

"तुझा दादाच आहे का गं तो?" चंद्रभागाबाईंनी विचारलं. दीपाली पडद्यापाशी जाऊन निरखू लागली. तिलाही ओळखता येत नव्हतं.

वरून दोर आला. तिघांपैकी एकानं बेशुद्ध माणसाला दोराच्या पट्ट्यात अडकवलं, दोनदा ओढून पाहिलं आणि वर सोडलं. दोर पुन्हा खाली आला. दुसरा माणूस मान हलवत होता, मागे सरत होता. त्या पहिल्यानं त्याला दंडाला धरून पुढे ओढलं आणि त्यालाही बांधून वर पाठवलं.

"मागे राहिलाय तो आपला," भीमराव हळूच म्हणाले.

तिसऱ्यांदा दोर आलाच नाही. वर काहीतरी अडकलं होतं. हेलिकॉप्टर तिथेच घिरट्या घालत राहिलं. खाली लाटेमागून लाट येत होती. तराफा दिसे आणि नाहीसा होई. मग तराफ्यातल्या माणसानं गुडघ्यांवर उभं राहून एक हात उंच केला.

"मदत मागतायत," संतोष म्हणाला.

"नाही." भीमराव खुर्चीतून उठले होते. "जा म्हणतोय. जखमी माणूस आहे ना वर. थांबू नका, जा, असं सांगतोय."

हात पुन्हा उठला आणि किनाऱ्याच्या दिशेनं जोरात झटकला गेला. हेलिकॉप्टर वळलं. केशरी ठिपका लहान होत गेला, मग नुसतं पाणी उरलं. कॅमेरा हेलिकॉप्टरमध्येच होता.

एरवी उठसूट वाजणारे मोबाइल दीपाली सोडून सगळ्यांनी बंद करून टाकले होते. चंद्रभागाबाई बुद्धांच्या तसबिरीसमोर जाऊन बसल्या. दीपालीनं चहा केला. तो तसाच निवला. निवेदिका म्हणत होती, नौदलाचं जहाज त्या दिशेनं निघालं आहे. तेच तेच ती पुन्हा सांगत होती.

दुपार कलली आणि दीपालीचा फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडे घरघर होती, वारा होता आणि त्यातून आवाज आला, "दीपू, आबांना दे."

भीमरावांनी फोन कानाला लावला. त्यांनी विचारलं, "तो पोरगा कसा आहे? बेशुद्ध होता तो?"

"शुद्धीवर आलाय, आबा. बरगड्या मोडल्यात, पण वाचला."

"आणि तू?"

"मी ठीक. जहाजावर आहे, घट्ट गुंडाळून बसवलंय मला."

भीमरावांनी डोळे पुसले. मग आवाज जरा चढवून म्हणाले, "एवढा वेळ त्या समुद्रात एकटा काय करत होतास रे?"



"उताणा पडून वर बघत होतो, आबा. आभाळ फार स्वच्छ होतं आज."

भीमरावांनी फोन चंद्रभागाबाईंपुढे धरला, पण त्यांना तो हातात घ्यायचं भान नव्हतं. "अहो, काय म्हणतोय तो?" त्यांनी विचारलं.

"पुन्हा जाणार म्हणतोय," भीमराव म्हणाले.