वाळ्याची काडी

खिदिरपूरच्या मिस्त्रीने गॅलरीत जाऊन बंद पडलेल्या एअर कंडिशनरची मागची जाळी उघडली आणि आत अडकलेली वाळ्याची ओली काडी चिमटीत धरून दाखवली. “इथं ओला पडदा कुणी बांधला? गरम हवा कोंडून मोटर जळाली.” माझा मुलगा म्हाताऱ्या बंगाली स्वयंपाक्यावर ओरडला, “हरिपद, गॅलरीत तूच असतोस. सामान बांध!” “आमि ना, बाबू,” मी नाही, म्हणत तो हात जोडून रडू लागला. नागपूरला उन्हाळाभर मी खिडकीला वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी शिंपडत असे. काल जास्त गारवा मिळेल म्हणून तसाच यंत्राला मागून बांधला होता. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, पण मुलाच्या रागापुढे तोंड उघडेना. हरिपदने ट्रंक ओढली. तेव्हा मी हात वर केला, वर्गातल्या पोरासारखा. “काय, अण्णा?” मुलाने विचारलं. “पडदा माझ्या पलंगाखाली आहे. अजून ओलाच आहे.”