आमच्याकडे चालतो!

चूक वरच्या साहेबाची, आणि नोकरीवरून काढायची नोटीस उंब्रजच्या दीपमालाला! तिच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या लिनक्स सिस्टिमवर प्रोग्रॅमला आधार देणारी सी लायब्ररी जुनी, पाचव्या आवृत्तीची. साहेबानं धाडलेला प्रोग्रॅम सहावीवर बांधलेला. तो चालणार कसा? तिनं दोनदा लिहून कळवलं, पाचवीवरचा पाठवा म्हणून. उत्तर आलं, "आमच्याकडे झकास चालतो. तुम्हालाच येत नाही."

दीपमाला त्याच प्रोग्रॅमची फ्लॉपी घेऊन एस.टी.नं थेट साताऱ्याला, साहेबाच्या केबिनमध्ये.

"आवं साहेब, तुमच्या मशीनवर दावा की चालवून."

साहेब जागचा हलेना. मग तिनंच कॉम्प्युटरवरचं प्लास्टिक उचललं. सत्त्याण्णवच्या दसऱ्याचं हळदकुंकू, वाळका झेंडू, आणि वायरी अजून पिशवीत सीलबंद.

"आता बोला, कुठं चालला त्यो?"