रक्ताचा दोष
तरणाताठा रावसाहेब द्राक्षाची छाटणी करताना जागीच गेला, तेव्हा त्याच्या आईनं, धोंडाबाईनं, सुनेला पांढऱ्या पायाची ठरवून तान्ह्या पोरीसह माहेरी धाडलं. सहा वर्षांनी धाकटा मुलगाही तसाच गेला. मग हृदयाच्या आनुवंशिक आजारांवर संशोधन करणाऱ्या नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी घरच्यांचं रक्त तपासलं. "आजी, हा दोष मुलांना तुमच्याकडून आला. नातीलाही लगेच तपासायला हवं," त्या म्हणाल्या. सून फोन उचलेना. धोंडाबाईनं दिंडोरीची एसटी धरली. व्याह्यांच्या अंगणात, भरल्या गल्लीसमोर ती म्हणाली, "माझ्याच रक्तानं माझी पोरं खाल्ली. हिचा कायबी दोष नव्हता." सून दारात उभी राहिली. तिच्या मागून सात वर्षांच्या नातीनं विचारलं, "मंग माझ्यातबी ते रक्त हाय का?" "तेच तपासाया तुला नाशिकला न्यायचं हाय," धोंडाबाई म्हणाली. सुनेनं लेकीच्या पायात चपला सरकवल्या. "चला," सासूकडे न बघता ती म्हणाली.