गारगोटीचं स्थळ

हंबीरराव जीपमधून उतरले, थेट सोप्यात आले आणि हातातली पिशवी त्यांनी निशिगंधाच्या पायाशी आदळली. सुपारी फोडताना राजवीरला दिलेले कपडे गारगोटीकरांनी घडीसुद्धा न मोडता परत पाठवले होते.

"आता सांग, त्या पिच्चरमधली तू न्हवंस म्हणून. एकदा सांग."

निशिगंधा वाकून पिशवीतून बाहेर आलेले कपडे गोळा करायला लागली. त्यातच हंबीररावांना काय ते कळलं. त्यांचा हात वर गेला, पण तसाच खाली आला.

"मेली आसतीस, तर दहाव्याला चार माणसं तरी आली आसती दारात," एवढं बोलून ते गोठ्याकडे गेले. त्या दिवसापासून त्यांनी लेकीशी बोलणं टाकलं.

आत तिची आई, बायडाबाई, तोंडात पदर कोंबून रडत होती. निशिगंधाला तिचं ते रडणं बापाच्या बोलण्यापेक्षाही जास्त लागलं.

पिच्चर म्हणजे अर्ध्या तासाचा लघुपट. गडमुडशिंगीहून रोज कोल्हापुरात नोकरीला जाता-येता निशिगंधा हौशी नाटकांत कामं करायची. तिथल्याच कामिलनं एका मराठी ॲपसाठी तो केला होता. एक विधवा आणि तिच्याकडे भाड्यानं राहायला आलेला माणूस, यांची गोष्ट. सुरुवातीलाच 'फक्त प्रौढांसाठी' अशी पाटी. एका प्रसंगात तिची उघडी पाठ दिसायची, एकात ती त्या माणसाच्या अंथरुणात असायची. त्या बाईचं एकटेपण निशिगंधानं जीव ओतून उभं केलं होतं. इतकं चांगलं काम आपल्या हातून पुन्हा होणार नाही, असं तिला वाटायचं. नाव बदललेलं, पोस्टरवर चेहरा नाही, त्यातून वर्गणी भरल्याशिवाय दिसायचं नाही. गावात कोण कशाला बघतंय!

घरी तर प्रश्नच नव्हता. वडिलांचा फोन बटणांचा. आईकडे निशिगंधाचा जुना होता, त्यातली ॲपं तशीच होती; त्यावर ती संध्याकाळी मालिका तेवढ्या बघायची.

राजवीरचं स्थळ आत्यानं आणलं. तो बिजवर होता. पहिली बायको विहिरीत पाय घसरून गेलेली, मूलबाळ नाही. बागायती ऊस, दारात ट्रॅक्टर, बोलणं मऊ. "नोकरी करायची आसंल तर करा की, माझं काय न्हाय," असं तो पहिल्याच भेटीत म्हणाला आणि तिशी ओलांडलेल्या निशिगंधाला तो आवडला.

सुपारी फुटली त्या दिवशी बायडाबाई त्यांच्या परसात भांडी घासणाऱ्या बाईकडे पाणी प्यायला म्हणून गेली ती बऱ्याच वेळानं परतली. येताना जीपमध्ये म्हणाली, "माझं मन घेत न्हाय. जरा दमानं घेऊया की."

"बाईच्या मनावर सोयरिकी ठरत न्हाईत," हंबीरराव म्हणाले.

निशिगंधालाही आईचा राग आला होता. सगळं नीट चाललेलं असताना हिला हे काय सुचलं!

आणि आता हे. लघुपटातल्या अंथरुणाच्या प्रसंगाचा तुकडा राजवीरच्या आईच्या मोबाईलवर अनोळखी नंबरवरून आला होता आणि तो नंबर लगेच बंद झाला. राजवीरच्या बहिणीनं तोच निशिगंधाला पाठवला. खाली लिहिलं होतं, 'लाज आसंल तर बघ.'

तो घेऊन ती कोल्हापुरात कामिलसमोर उभी राहिली.

"तुझ्याशिवाय कुणाला म्हाईत हुतं?"

"अल्लाकसम, मी न्हाय." त्यानं तुकडा दोनदा बघितला. "एका मोबाईलवर लावून दुसऱ्यानं टिपलंय हे. घेणाऱ्याचा हात बघ कसा कापतोय."

"नाटकं करू नगोस, कामिल. माझं लगीन मोडलं."

आठवडाभर ॲपवाल्यांच्या मागे लागून त्यानं लघुपट काढायला लावला. "आपण दोघांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम हुतं ते," असं फोनवर म्हणाला. निशिगंधानं फोन ठेवला आणि त्याचा नंबर ब्लॉक करून टाकला.

पण तुकडा गावभर झाला होता. बस थांब्यावर पोरं ती आली की मोबाईल काढायची. तिनं नोकरी सोडली. नवं स्थळ यायचा प्रश्नच नव्हता. हंबीरराव जेवायला बसायचे ते तिच्याकडे पाठ करून.

दिवाळीनंतर राजवीरचं लग्न झालं. मुलगी कागलकडची. निशिगंधा त्या दिवशी जेवली नाही.

उन्हाळा लागला आणि एका दुपारी हंबीरराव बाजारातून लवकर आले. सोप्यात बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"निशा, पाणी आण."

कितीतरी महिन्यांनी त्यांनी तिला हाक मारली होती. तिनं तांब्या दिला. ते प्यायले नाहीत.

"राजवीरची बायको गेली," ते म्हणाले. "हिरीत. पाय घसरला म्हणालेत."

"आनी पयलीचा?"

तांब्या तसाच ठेवून ते उठले आणि उन्हातच शेताकडे चालू लागले.

निशिगंधा आत जाऊन आईजवळ बसली. बायडाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

"आई, इतकं दिवस मी त्याला तळतळाट दिलं. ज्यानं कुणी पाठिवलं ना, आज त्याचं पाय धरावं वाटालंय."

बायडाबाईनं पाय आखडून पदराखाली घेतले.

"नगो धरू, पोरी. तुझा पिच्चर हुता, म्हणून मी पाठिवला. त्या कागलच्या पोरीचा कुठनं आणू?"