केरोबांचा रोग

या मायबापहो, जरा पुढे सरकून बसा, आमच्या केरोबांची गोष्ट सांगते. सरकारी रानातलं गवत कापलं म्हणून हे माझे पणजोबा तुरुंगात गेले, आणि तिथे ते वेडे होऊन वारले असा घरी निरोप आला. तेव्हापासून घराण्यात वेड आहे, ही धास्ती. कीर्तनात डोळे भरून आले, की चंद्राआत्या "माझंही डोकं फिरायला लागलं" म्हणत उठून जायची.

शेवटी मी तिला जुन्या सरकारी कागदांच्या कचेरीत घेऊन गेले. तिथल्या बाईंनी तुरुंगाच्या दप्तरातून केरोबांचा कागद काढला आणि गोऱ्या डॉक्टराने लिहिलेलं मराठीत सांगू लागल्या.

"कैदी रोज संध्याकाळी मधोमध उभा राहतो. एकच ओळ पुन्हापुन्हा गातो. मग गोष्ट सांगता सांगता स्वतःच हसतो, रडतो. शेवटी बाकीचे कैदी त्याच्या पाया पडतात. आता पहारेकऱ्यांनाही लागण झाली आहे."

आत्या मधेच म्हणाली, "अगं, हे तर कीर्तन. पूर्वरंग, उत्तररंग, सगळं रीतसर."

"मग वेड?" मी विचारलं.

"वेडा तो डॉक्टर. जन्मात कीर्तन ऐकलं नसेल मेल्याने." आणि आत्या तिथेच टाळ्या वाजवत विठ्ठलाचा गजर करू लागली.

"आजी, इथे शांतता ठेवायची असते," बाई हसत म्हणाल्या.

"आजोबांनी तुरुंगात ठेवली नाही, मी इथे ठेवू होय?"

परवा आत्या कीर्तन संपेपर्यंत बसली, पोटभर रडली. तुम्हीही आज गजर कराल, तेव्हा आमच्या केरोबांची आठवण काढा.