प्रीतमच्या हातचं पाणी

दवाखान्यानं हात टेकल्यावर घरी आणलेल्या सुमनबाईनं नवऱ्याकडं, चंद्रभानकडं शेवटचं पाणी मागितलं, तेही लेकाच्या हातचं. प्रीतम तर सहा महिन्यांमागं देवगाव फाट्यावर ट्रकखाली गेलेला. त्याच्या हातचं पाणी घरात एकच उरलं होतं, त्यानं जुळवलेल्या कॉम्प्युटरला थंड ठेवत नळ्यांतून फिरणारं, निळं. त्या नळ्या गॅसवर वाकवताना दुसरं टोक तिनंच धरलेलं. तो गेल्यापासून तिनं कॉम्प्युटर बंद करू दिला नव्हता. चंद्रभाननं गंगाजल पुढं केलं. तिनं तोंड फिरवलं. "निळं द्या." "अगं, इख हाय ते! प्रीतमच सांगायचा." तिनं ओठ मिटून घेतले. त्यानं कॉम्प्युटरचं बटण दाबलं. घरघर थांबली. नळीचं खालचं बूच काढून वाटी भरली, तुळशीचं पान बुडवून तिच्या ओठांना लावलं. "गोड लागायलंय," ती पुटपुटली, "आणखी द्या." चंद्रभाननं पान बाजूला ठेवलं आणि चमचा उचलला.