उपडा ग्लास

वेटरने ज्या फडक्याने टेबल पुसलं, त्याच फडक्याने चमचे पुसले. त्यातच नाक शिंकरलं नाही, एवढे उपकार केले.

आजीला शिसारी आली. सूप आलं ते गार, आणि वाडग्यात त्याचा अंगठा पहिल्या पेरापर्यंत बुडालेला. सुनेने मासा मागवला होता, तिच्यापुढे कोंबडी आली. पाणी तीनदा मागावं लागलं आणि शेवटी त्याने जग असा आपटला, जणू विहीर त्यानेच खणली होती.

"याला टिप म्हणून एक पैसा देऊ नकोस," आजी मुलाला म्हणाली. "असल्यांना देऊन देऊनच लोकांनी डोक्यावर बसवलंय."

"तू बघच आई." मुलगा खुशीत होता. उद्या आजी आपल्या दोन खोल्या विकायच्या कागदांवर सही करणार होती, आणि मग कायमची त्याच्याकडे राहायला जाणार होती. त्यासाठीच आजचं हे जेवण. सकाळपासून तो तिला तळहातावरच्या फोडासारखं जपत होता. गाडीचं दार उघडून दे, खुर्ची मागे ओढून दे, पंख्याचा वारा लागतोय का विचार. आजीला ते आवडतही होतं. का नाही आवडणार?

बिल चुकतं झालं. मुलाने आपला ग्लास काठोकाठ भरला आणि खिशातलं सगळ्यात लहान नाणं त्यात टाकलं. ग्लासावर मेनूकार्ड दाबून धरलं, एका झटक्यात सगळं उलटं करून टेबलाच्या काचेवर टेकवलं आणि कार्ड अलगद ओढून घेतलं. थेंबही सांडला नाही. भरलेला ग्लास उपडा उभा राहिला, आत नाणं.

"ही त्याची टिप," तो म्हणाला. "उचल म्हणावं आता. उचलला की आंघोळ."

"काहीतरीच हं तुमचं," सून म्हणाली. पण हसली. सात वर्षांच्या नातीने तर टाळ्याच पिटल्या. "बाबा, मला पण शिकवा!"

आजी हसली नाही. हा खेळ तिच्या नवऱ्याचा. मनगटाचा झटका तोच, मिशीतलं हसूही तेच. माणूस गेला, खोड ठेवून गेला. तो असं करून दाराकडे निघाला की ती चप्पल शोधायच्या निमित्ताने मागे राहायची. ग्लास टेबलाच्या कडेपर्यंत सरकवायची, खाली वाडगा धरायची, पाणी वाडग्यात पाडायची. नाणं बशीत ठेवून, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने बाहेर यायची. घाण झाकली म्हणजे गेली, असं तिला वाटायचं. मुलगा तोवर बापाचं बोट धरून पुढे गेलेला असायचा. त्याने उपडा ग्लास पाहिला होता. तो सुलटा करणारे हात कधी पाहिलेच नव्हते. खाण तशी माती म्हणायचं, तर अर्धी खाण तीच होती.

सगळे उठले. आजी उठली नाही.

"चल ना आई. बाहेरून काचेतून मजा बघू."

"तो ग्लास सरळ कर, मग चल."

"अगं, तूच म्हणालीस ना देऊ नको म्हणून?"

"देऊ नको म्हणाले. नाही द्यायचं तर उठावं, चालू लागावं. हे काय? काम येत नाही म्हणून माणसाची अशी थट्टा करायची?"

मुलाने आजूबाजूला पाहिलं. "आई, तमाशा नको. वय झालंय, काहीही डोक्यात घेतेस तू."

सकाळपासूनचा मध तेवढ्या एका वाक्यात संपला.

आजीने सुपाचा वाडगा ओढला. या वेळी तिने चप्पल शोधली नाही, सगळ्यांच्या देखत ग्लास कडेला सरकवला. हात आता पूर्वीसारखा राहिला नव्हता. अर्धं पाणी वाडग्यात पडलं, अर्धं तिच्या मांडीवर.

"आजी, हे कसं केलंस?" नातीचे डोळे मोठे झाले. "हे पण शिकव ना."

वेटर आला. "आता हे कोण पुसणार?" असं पुटपुटत त्याने तेच फडकं टेबलावर फेकलं आणि निघून गेला. आजीने त्याला काही दिलं नाही. त्याचं काम वाईट होतं ते वाईटच होतं.

तिने उरलेल्या सुपात बोटं घालून नाणं शोधलं. मुलाने तिला उठवायला हात पुढे केला. आवाज पुन्हा मऊ झाला होता. "चल, घरी जाऊन कपडे बदल. उद्या सहीला लवकर निघायचंय."

पुढे आलेल्या त्या तळहातावर आजीने नाणं ठेवलं, सुपाने बरबटलेलं.

"हे काय?"

"सकाळपासून सेवा करतोयस माझी. तुझी टिप." ती टेबलाला धरून स्वतःच उठली. "उद्या न्यायला येऊ नकोस. माझ्या खोल्या माझ्याजवळच राहू देत."

ती नातीला घेऊन दाराकडे निघाली. मुलगा चिकट तळहात उघडा धरून उभाच राहिला. मग हात पुसायला टेबलावर जे मिळालं ते त्याने उचललं. ते वेटरचं फडकं होतं.